फ्रान्समधली सायकल म्हणजे नुसते आल्प्सचे घाट नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या सायकलिंगवर लेख आला होता. आल्प द्युएझची 21 वळणं, माँ व्हाँतूचा चढ, कार्बनची सायकल, मागे सपोर्ट व्हॅन, सगळं छान लिहिलंय, पण तो वाचून माझ्या ओळखीतल्या दोघीतिघींनी "हे काही आपल्याला जमणार नाही बाई" म्हणून विषयच संपवला आणि मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र. मी आणि माझा नवरा दोघंही पन्नाशीच्या पुढचे, कधी कुठली रेस केलेली नाही, आणि तरी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरण्याइतकं सुख आम्हाला दुसऱ्या कुठल्याच प्रवासात मिळालेलं नाही. तिथली खरी श्रीमंती ते टीव्हीवर दिसणारे घाट नाहीत, ती आहे शांतता. तासन्‌तास एकही गाडी मागून येत नाही असे रस्ते त्या देशात भरपूर आहेत, आणि तेच आपल्याकडच्या लेखांमधे येत नाहीत.

आता हे रस्ते रिकामे का, तर लांबची सगळी वाहतूक टोलवाल्या ऑटोरूटवरून, म्हणजे तिथल्या एक्सप्रेसवेवरून जाते आणि खेड्यांतली माणसं गेली शंभर-सव्वाशे वर्षं शहरात जात राहिली, पण गावं जोडणारे छोटे डांबरी रस्ते मात्र जिल्ह्यांनी आणि ग्रामपंचायतींनी नीट राखले. मध्य फ्रान्समधला क्रोझ जिल्हा घ्या, आपल्या सिंधुदुर्गापेक्षा थोडा मोठाच आहे, सिंधुदुर्गात 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखाच्या आसपास लोक होते आणि क्रोझमधे जेमतेम सव्वा लाखाच्या आत, म्हणजे रस्त्यावर गाडी येणार तरी कुठून! दक्षिणेला लोझेर तर त्याहून रिकामा. गाई, दगडी घरं, कुंपणाची झाडं, मधेच एक चर्च, आणि आपल्या चेनचा आवाज.

मात्र नकाशा नीट वाचावा लागतो. तिथे जिल्हा रस्त्यांच्या नंबराआधी डी असतो, पण सगळे डी रोड सारखे नाहीत, कारण बरेच जुने राष्ट्रीय महामार्ग नंतर जिल्ह्यांकडे दिले गेले आणि त्यांनाही डी नंबरच मिळाला, त्यावर ट्रक जोरात जातात. मिशलँ या टायर कंपनीच्या कागदी नकाशावर जे सगळ्यात बारीक पांढरे रस्ते आहेत ते धरायचे, लाल टाळायचे, पिवळे गरजेपुरते. मोबाईलवरचं अ‍ॅप सरळ रस्ता दाखवतं आणि नेमकं नको तिथे नेतं, त्यामुळे आम्ही अजूनही नकाशा हॅन्डलबॅगवर लावतो. गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा तिथे कायदाच आहे, आणि खेड्यातले ड्रायव्हर बहुतेक तो पाळतात, वळणावर मागे थांबून राहतात, हॉर्न नाही काही नाही, पहिल्यांदा मला वाटलं गाडी बंद पडली की काय मागे. 2018 च्या जुलैपासून दुपदरी रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर केली होती, पुढे काही जिल्ह्यांनी ती परत 90 वर नेली, मला ते मुळीच पटलेलं नाही.

आणि ज्यांना गाड्या अजिबातच नको असतील त्यांच्यासाठी जुन्या रेल्वेलाइनींवरच्या वाटा आहेत, त्यांना व्वा व्हेर्त म्हणतात. 1879 च्या सुमाराला फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने तालुक्यातालुक्यापर्यंत रेल्वे नेण्याची मोठी योजना काढली होती, मग मोटारी आल्या, त्या छोट्या लाइनी तोट्यात गेल्या आणि एकेक करत बंद झाल्या, पण भराव, पूल, बोगदे सगळं जागेवरच राहिलं. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी अशी सुमारे 44 किलोमीटरची पहिली अशी वाट 1997 मधे सुरू झाली. रेल्वेची लाइन असल्यामुळे चढ जवळजवळ कळतच नाही, बहुतेक ठिकाणी दोन-तीन टक्क्यांच्या वर जातच नाही, म्हणून गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मी सगळ्यांना सांगते. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मधे जुनी स्टेशनं, आणि शेवटी क्लुनीचा मठ, जो 910 साली स्थापन झाला आणि ज्याचं चर्च रोमचं आजचं सेंट पीटर्स बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. क्लुनीच्या पुढे बोगदा आहे, दीड किलोमीटरपेक्षा जास्त लांब, आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो आणि हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. मला ही गोष्ट फार आवडली, माणसांनी हिवाळाभर वळसा घालायचा, वटवाघळांनी झोपायचं.

तिसरा प्रकार कालव्याकाठच्या वाटा. पूर्वी घोडे बोटी ओढत न्यायचे त्याच वाटेवरून आता सायकली जातात. तुलूजपासून सेतपर्यंत जाणारा 240 किलोमीटरचा कॅनाल द्यु मिदी पिएर पॉल रिके या माणसाने बांधायला घेतला, 1681 मधे तो सुरू झाला पण तो पाहायला रिके राहिला नाही, काही महिने आधीच गेला. 1996 पासून हा कालवा युनेस्कोच्या यादीत आहे. लेखात असतं तर बरं झालं असतं अशी एक गोष्ट सांगते, तुलूजहून पहिले पन्नासएक किलोमीटर वाट डांबरी आहे पण पुढे ओद जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी कच्ची, झाडांची मुळं वर आलेली, पातळ टायरची सायकल नेऊ नका. दुतर्फा आपल्या काश्मीरच्या चिनाराच्या कुळातली उंच झाडं आहेत, त्यांना बुरशीचा रोग लागलाय, 2006 मधे तो कालव्यावर पहिल्यांदा सापडला आणि हजारो झाडं तोडून जाळावी लागली. तिथे आता दुसऱ्या जातीची रोपं लावतायत. काही पट्टे उघडेबोडके झालेत, दुपारी ऊन लागतं, पण हे माहीत असूनही मी तिथे पुन्हा जाईन.

ल्वार नदीकाठचा मार्ग सगळ्यात प्रसिद्ध, सुमारे 900 किलोमीटर, शांबोरसारखे राजवाडे वाटेत, पाट्या इतक्या व्यवस्थित की चुकायची सोय नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो ठीकच आहे, पण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टभर तिथे गर्दी असते आणि ज्या शांततेसाठी जायचं तीच मिळत नाही. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर उत्तम, नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, फक्त मे महिन्यात त्यांच्याही बऱ्याच सुट्ट्या असतात, 1 मे, 8 मे, आणि त्या दिवशी खेड्यात दुकानं बंद. खरं तर एरवीही दुपारी बारा ते दोन, रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारी सगळं बंदच असतं, तेव्हा सकाळी बेकरी दिसली की ब्रेड, चीज, फळं घेऊन टाकायची. शाकाहारी लोकांना खेड्यातल्या हॉटेलात त्रास होतो हे खरं आहे, वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी भागात मात्र कुट्टूच्या पिठाची धिरडी मिळतात चीज घालून, त्यावर दिवस निघतो. पाणी संपलं तर गावच्या कब्रस्तानात नळ असतो, पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर भरून घ्यायचं, सगळे सायकलवाले तेच करतात, संकोच करू नये. राहायला ग्रामपंचायतीची कॅम्पिंगची जागा, स्वच्छ, गरम पाण्याची अंघोळ, आणि दर हॉटेलच्या मानाने फारच कमी. लोकल टीईआर गाड्यांत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट जाते, काही भागांत उन्हाळ्यात आधी जागा बुक करावी लागते, तेवढं बघून ठेवा. आणि उजव्या बाजूने चालवायचं, शिवाय पाटी नसलेल्या तिठ्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ही सवय पहिल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर करून घ्यावी.

रेसशिवाय सायकल हा विचारच तिथे जुना आहे. सेंत एतिएनचे पॉल द व्हिव्ही, लोक त्यांना व्हेलोसिओ म्हणायचे, 1887 पासून सायकलवर मासिक काढत होते आणि भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, दिखाव्यासाठी पॅडल मारू नका असं सांगत होते. गिअर बदलायच्या डिरेलरचा प्रसार याच फिरणाऱ्या लोकांनी केला, टूर द फ्रान्समधे तर त्याला 1937 पर्यंत परवानगी नव्हती. 1936 मधे कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली तेव्हा कितीतरी जोडपी डबलसीट टॅन्डम घेऊन समुद्राकडे निघाली. ही परंपरा साध्या माणसांची आहे, आपण तीच बाजूला ठेवून फक्त चॅम्पियनांची गोष्ट छापतो.

आपल्या महाराष्ट्रातलेही बरेच रायडर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राइड करून आलेत, 1200 किलोमीटर 90 तासांत, 2019 ला आणि 2023 ला भारतातून शेकड्यांनी लोक गेले होते. त्यांच्यावर बातम्या येतात त्या वेळेच्या आणि मेडलच्या. पण ज्या गावांतून ते गेले तिथले लोक रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून कॉफी, पाणी, धिरडी देत बसलेले असतात, ते रस्ते, ती माणसं, याबद्दल त्यांना लिहायला सांगा ना. पुढची राइड 2027 मधे आहे. त्याच्या आधी पुरवणीची दोन पानं या शांत रस्त्यांना द्यावीत, नकाशासकट, व्हिसाला आणि सायकल विमानात नेण्याला काय लागतं त्या माहितीसकट, आणि त्यात चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचे फोटो असावेत एवढी विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे