मालवणच्या खानावळवाल्या काकींस, एका कंडक्टरकडून

काकी, साष्टांग नमस्कार.

तुमची सून हे मोबाईलवरून वाचून दाखवेल, तेव्हा तुम्ही चुलीपाशी असाल आणि "मोठ्यान वाच" म्हणाल. वाचू द्या तिला. उघडं पत्र लिहितोय कारण आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांची पोटं मला ठाऊक आहेत.

मी घाटावरचा. बदली होऊन मालवणला आलो तेव्हा खाकी पँटचा पट्टा सकाळी तिसऱ्या भोकात असायचा आणि रात्री पहिल्यात. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. करपट ढेकर, छातीत जळजळ. ड्रायव्हर म्हणायचे, वयाप्रमाणे सुटतंय. पण सुटलेलं पोट सकाळी आत जात नाही हो, माझं जायचं. खिशात सुट्ट्या पैशांबरोबर ॲसिडिटीच्या गोळ्या असायच्या आणि स्टँडवर उतरलो की पहिला सोडा. एक मोठा ढेकर आला की बरं वाटायचं. सोड्यातून जी हवा आत घालत होतो, तिच्यातलीच थोडी बाहेर येत होती एवढंच, पण हे तेव्हा कुठं कळत होतं!

तुम्ही चार दिवस नुसतं बघितलंत. पाचव्या दिवशी भाताचा टोप माझ्यापुढून उचललात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "मेल्या, जेवतंस की भरतंस? एष्टी तुझ्याशिवाय सुटूची नाय. घंटी तुझ्याच हातात आसा."

सगळी खानावळ हसली. मला राग आला होता, आज कबूल करतो. पण त्या रात्री घड्याळ लावून बघितलं तर माझं अख्खं जेवण सहा मिनिटांत उरकत होतं, तेही ड्रायव्हरशी बोलत बोलत. घाईनं गिळताना घासाबरोबर हवाही पोटात जाते.

मग तुम्ही वाढायचंच बदललंत. आधी अर्धा भात, मासळीचा तुकडा, थोड्या वेळानं उरलेला भात, आणि सोलकढी अगदी शेवटी. मागितली तरी आधी नाही. तुमचा विश्वास सोलकढीच्या गुणावर आहे, माझं मत जरा वेगळं आहे. तिच्यापायी मला वीस मिनिटं बसावं लागायचं, खरा गुण त्या बसण्याचा. भांडू नका, सोलकढी मी आजही पितो.

वहीही तुमचीच कल्पना. "तिकिटांचो हिशोब ठेवतंस, मगे पोटाचो कोण ठेवतलो?" जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो: काय खाल्लं, किती वाजता, पट्टा कुठल्या भोकात. दोन आठवड्यांत चोर सापडले. दिवसाला सात-आठ दुधाचे चहा. गाडीत अडचण नको म्हणून दुपारपर्यंत जेमतेम तांब्याभर पाणी, त्यामुळं कोठा जड. भरल्या गाडीत वायू दाबून धरणं, ते तर आमच्या धंद्यात आलंच. मे महिन्यात प्रवासी प्रेमानं देतात ते फणसाचे गरे, तेही भरल्या पोटावर. आणि मुक्कामाच्या गाडीला रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवं होणं.

काळ्या वाटाण्याच्या सांबाराचं नाव आलं तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, कारण तुमच्या हातचं ते मला मासळीहून आवडतं. तुम्ही ते बंद केलं नाहीत. वाटाणे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायला लागलात, फोडणीत हिंग वाढवलात आणि मला एकच वाटी. पुढं डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं. कडधान्यांतल्या काही साखरा फोडायचा पाचकरस माणसाच्या आतड्यात नसतोच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या खातात आणि वायू तयार होतो. भिजवलेल्या पाण्यात त्यातल्या थोड्या उतरतात. धडधाकट माणूसही दिवसाला अर्धा ते दीड लिटर वायू सोडतो म्हणे. ते ऐकून मला फार हलकं वाटलं.

डॉक्टरकडे तुम्हीच पाठवलंत. मी टाळत होतो, तेव्हा तुम्ही भांडी बाजूला सारून समोर बसलात आणि तुमच्या जावेची गोष्ट सांगितलीत. पोट फुगतंय म्हणून ती कित्येक महिने ओवा खात राहिली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, हातपाय वाळत गेले आणि पोट तेवढं वाढत राहिलं. गॅस नव्हता, अंडाशयाचा कर्करोग होता. सांगून झाल्यावर तुम्ही उठून उगाच चूल सारखी केलीत. तुम्ही लोकांची पोटं का न्याहाळता ते मला त्या दिवशी समजलं.

डॉक्टरांनी वजन बघितलं, रक्त तपासलं, शौचातून रक्त जातं का, उलट्या होतात का, सगळं विचारलं. काही निघालं नाही. वर म्हणाले, पोट सतत आठवडे-महिने फुगलेलंच राहिलं, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या बाईचं, तर ओव्यावर थांबायचं नाही. बाकी काकी सांगतात ते करा.

एक चूक मात्र माझी. कोठा साफ व्हावा म्हणून एकदम कुळीथ, काकड्या, पालेभाजी असा मारा केला आणि चार दिवस ढोल झालो. चोथा वाढवायचा तर हळूहळू, पाण्याबरोबर. जेवून धक्क्यापर्यंत पायी जाऊन येणं हे सगळ्यात लवकर लागू पडलं. चाललं की वायू पुढं सरकतो. अंधारात पाण्यातला किल्ला नुसता काळा दिसायचा, बघत उभं राहायचो. आडवं व्हायचंच तर जेवणानंतर बराच वेळ गेल्यावर, डाव्या कुशीवर. वामकुक्षी या शब्दातच डावी कूस आहे, हे मला चाळिशीत कळलं. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं, आंबट वर येत नाही. जळजळ त्यानं गेली.

दीड महिना लागला. पट्टा आता दिवसभर तिसऱ्या भोकात. फणसाच्या दिवसांत कधी दुसऱ्या, लबाडी कशाला करू.

आता माझी बदली परत घाटावर झालीय. इथल्या कँटीनमध्ये कुणी ताट अडवत नाही, म्हणून मीच मध्ये चमचा खाली ठेवतो. पुढच्या महिन्यात मालवणची फेरी मागून घेतलीय. वाटाण्याची दुसरी वाटी मागितली तर देऊ नका. आणि सोलकढीचे पैसे तुम्ही वर्षभर लावले नाहीत, तो हिशोब राहिलाय. सुट्टे घेऊन येतो.

तुमचा,
घाटावरचा कंडक्टर