उकळली म्हणून वाइनमधली दारू जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण थंडीतल्या बैठकींसाठी फळं घातलेल्या गरम मसालेदार वाइनची कृती छापली. फोटो छान होता. कृतीत मात्र असं आहे की वाइन, संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, लवंगा, साखर सगळं एकदमच पातेल्यात घालून पंधरा मिनिटं खळखळून उकळायचं, म्हणजे दारूचा अंश उडून जातो आणि मग ती घरातल्या सगळ्यांना, अगदी पोरासोरांनाही, देता येते. या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिलीनं वाइन बिघडते. दुसरीनं काय बिघडतं ते आमच्या घरानं भोगलंय, म्हणून हे पत्र.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं सहायक होतो. फळ्यावर शिकवायचं काम प्राध्यापकांचं, स्टँडला फ्लास्क अडकवून द्यायचं काम माझं. दरवर्षी ऊर्ध्वपातनाचं प्रात्यक्षिक असायचं: अल्कोहोल आणि पाणी वेगळं करा. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला, एवढं पाठ करून आलेल्या पोरांना वाटायचं की पारा ७८ वर गेला की अल्कोहोल मुकाट्यानं उठून जाईल आणि पाणी जागेवर बसून राहील. तसं होत नाही. दोघं एकमेकांत विरघळलेले असतात. वाइनसारखं पातळ मिश्रण उकळायला लागतं तेच नव्वदच्या आसपास, आणि वाफ होऊन निघतात ते दोघं मिळून. म्हणून तर आमच्या प्रात्यक्षिकात एका फेरीत शुद्ध अल्कोहोल कधी कुणाला मिळालं नाही, आणि मागं राहिलेलं पाणीही कधी कोरं नसायचं.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं याचा एक तक्ता केलेला आहे. मंद आचेवर १५ मिनिटं शिजवलेल्या पदार्थात घातलेल्या अल्कोहोलपैकी सुमारे ४० टक्के शिल्लक राहतं. अर्ध्या तासानं ३५, तासाभरानं २५, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के असतंच. भांडं पसरट असेल, आच मोठी असेल, तर थोडं इकडंतिकडं. आता हिशोब करा. ७५० मिलीच्या बाटलीत १२ टक्के म्हणजे ९० मिली अल्कोहोल. आपल्या कृतीप्रमाणं पंधरा मिनिटं उकळल्यावर त्यातलं साधारण ३६ मिली पातेल्यातच. हे जवळपास तीन छोट्या पेगांएवढं झालं. सहा कपांत वाटलं तर अर्धा अर्धा पेग प्रत्येकाच्या वाट्याला, आणि त्या सहात एक कप पोराचा.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असं पारापारांवर ऐकू यायचं. मला वाइन पिणाऱ्याशी भांडायचं नाही. मुलगा जर्मनीत असतो, तो आला की मीही घोटभर घेतो. पण बाटलीवर जे १२ टक्के छापलेलं असतं ते अल्कोहोलच असतं, आणि ते प्रयोगशाळेतल्या अल्कोहोलपेक्षा काही निराळ्या स्वभावाचं नसतं.

आता घरची गोष्ट. आमचे थोरले बंधू, आण्णा, माळकरी आहेत. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर चाळीस वर्षांत आषाढी चुकली नाही. २०२४ च्या जानेवारीत पाहुण्यांनी आम्हा सगळ्यांना एका शेतावर हुरडा पार्टीला नेलं. आगटी पेटलेली, सुरती हुरडा, शेंगदाण्याची चटणी, सगळं झकास. उन्हं कलल्यावर गारठा वाढला तसं मातीच्या कुल्हडांतून काहीतरी गरम लाल आलं. वाढणारा पोरगा म्हणाला, फ्रूट पंच. आण्णांना सर्दी होती, त्यांनी दोन कुल्हड घेतले. ‘काढा बरा केलाय रे, लवंग चांगली लागायलीय,’ म्हणाले. तिसरा मागितला तेव्हा त्याच पोरानं आपणहून सांगितलं की आजोबा, यात थोडी वाइन असते. मालकाला विचारलं तर तो हसला. ‘उकळलंय की काका, आता त्यात काय राहिलं?’

आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तिथं जेवण केलं नाही, रात्री घरीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली. माघ वारीला पंढरपूरला गेले आणि तिथं पुन्हा घातली. मधल्या काळात आमच्या घरी बसून ते मोकळ्या गळ्याला सारखा हात लावायचे. आपल्या पुरवणीतलं ते वाक्य मला त्या मालकाच्या तोंडचंच वाटलं.

ज्यांना करायचीय त्यांनी जरूर करावी, पण नीट करावी. उकळायचा असतो तो मसाला, वाइन नव्हे. कपभर पाण्यात बोटभर दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, एक चक्रफूल, चार मिरे, चार चमचे साखर आणि एका संत्र्याची साल घालून दहा मिनिटं उकळा. हा आपला काढाच. तो हवा तेवढा खळखळू द्या, त्यानं काही बिघडत नाही. मग आच अगदी बारीक करून बाटली ओता. कडेनं वाफ दिसू लागली, बोट बुडवलं तर पटकन काढावं लागलं, की बास. माझ्याकडं निवृत्तीच्या वेळी मिळालेलं थर्मामीटर आहे, ते लावून मी ७० च्या आत ठेवतो. बुडबुडे आले की वास सगळा स्वयंपाकघरात आणि कपात उरतो तो नुसता तुरट, आंबट, शिजलेला रस.

साल फक्त वरची नारिंगी घ्यावी. फोटोत जशा जाड चकत्या उकळत ठेवल्यात तशा ठेवल्या की आतलं पांढरं आणि बिया कडवटपणा सोडतात. फोडी शेवटी सोडाव्यात. जालन्याची मोसंबी फोडींसाठी चालते, पण सालीला संत्र्याची सर येत नाही. पेरू घालू नये, गाळ होतो. बोरं मी एकदा घालून बघितली, त्याबद्दल घरात अजून बोलतात. मसाला अख्खा आणि फडक्याच्या पुरचुंडीत. पूड टाकली की खाली चिखल बसतो. दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया या दालचिनीच्या भावकीतल्या झाडाची असते, ती एकच तुकडा घालावी. पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली मिळाली तर दोन. हिनं विचारलं, दगडफूल टाकू का? म्हटलं, टाक आणि वर येसर टाक, म्हणजे आमटीच होईल.

मिरे बघून मुलानं नाक मुरडलं होतं, तिकडं घालत नाहीत म्हणे. पण जुन्या रोमन लोकांच्या मसालेदार वाइनमध्ये मध आणि भरपूर मिरे असत, आणि ते मिरे मलबारचे. आमच्यापासून जवळच असलेलं तेर म्हणजे त्या काळातलं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की पैठण आणि तगरचा माल गाड्यांतून आडवाटांनी भडोचच्या बंदरावर यायचा, त्यात तगरचं कापड फार, आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरायची. तेव्हा या पातेल्यात आमचं काहीच नाही असं समजायचं कारण नाही. निदान पुरचुंडीचं फडकं तरी आमचंच.

हुरडा पार्टीच्या त्याच वर्षी ३० डिसेंबरला, सोमवारी, वेळ अमावस्या होती, आमच्याकडचा रानातल्या पूजेचा सण. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं, सगळे रानात. मुलगा आला होता आणि त्याच्याबरोबर त्याचा ऑफिसमधला एक जर्मन सोबती. कडब्याची कोप म्हणजे खोपटं केलं, पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. भज्जी म्हणजे दाण्यांची मिश्र भाजी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. पाहुण्यानं आंबील दोनदा घेतली आणि भज्जीत किती प्रकारचे दाणे आहेत ते मोजायचा प्रयत्न केला. संध्याकाळी शेकोटीपाशी त्याला त्यांच्या गावच्या नाताळच्या बाजाराची आठवण झाली. तिकडं या वाइनला ग्लूवाइन म्हणतात. कपाचे वेगळे पैसे अनामत ठेवायचे, कप परत दिला की पैसे परत. युरोपच्या नियमात तिच्यात किमान ७ टक्के अल्कोहोल असावंच लागतं. आणि त्याच टपरीवर शेजारी दुसरं पातेलं असतं, बिनदारूचं, फळांच्या रसाचं, त्याचं नावच मुलांचं पंच. पाटी वेगळी, पातेलं वेगळं. ज्यांचं हे पेय आहे ते स्वतः उकळून सगळ्यांना चालवून घेत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्हीही दोन पातेली ठेवली. वाइनचं बांधाच्या पलीकडं, कोपीपासून लांब, कारण कोपीत लक्ष्मी मांडलेली. दुसरं कोपीसमोर. त्या दुसऱ्यासाठी २०० ग्रॅम काळे मनुके आदल्या रात्री लिटरभर पाण्यात भिजत घातले होते. ते हातानं कुस्करून गाळले आणि त्यात चार डाळिंबांचा रस. डाळिंबाचे दाणे मिक्सरला लावायचे तर एकच झटका द्यावा. बिया भरडल्या की तुरट होतं. मसाल्याचा काढा तोच, फक्त चिमूटभर सुंठ जास्त. यालाही उकळी नको, लाल रंगाचा विटकरी होतो. मोरोक्कोचा जुना प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता तेव्हा त्यानं तिथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं कौतुक लिहून ठेवलंय, वर्षातून दोनदा फळ येतं म्हणून. ही जोडी या मातीत जुनीच आहे.

पहिल्या खेपेला मी माती खाल्ली. हौसेनं आईचं पितळी पातेलं रानात नेलं होतं. त्याची कल्हई कधीच गेलेली. डाळिंबाचा आंबट रस त्यात अर्धा तास राहिला आणि सगळं कळकलं. जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव. एकोणतीस वर्षं आम्ल आणि धातू यांची बाटल्यांवरची लेबलं चिकटवणारा माणूस मी. ही म्हणाली, ‘आंबील कधी पितळंत ठिवलेली बघितलाव का?’ सगळं बांधावर ओतून दिलं. डाळिंबं उरलेली होती, मनुक्याचं पाणी अर्धंच राहिलं होतं, ते स्टीलच्या डब्यात पुन्हा केलं. वाइनलाही हेच लागू. स्टील नाहीतर एनॅमलचं भांडं, कल्हई गेलेलं पितळ आणि उघडं ॲल्युमिनियम नको.

अंधार पडल्यावर आण्णा शेकोटीपाशी आले. डब्याकडं बघून म्हणाले, ‘ह्याच्यात काय हाय ते आधी सांग.’ मी एकेक जिन्नस सांगितला. मनुके, डाळिंब, दालचिनी, लवंग, मिरे, सुंठ, साखर. मग त्यांनी बांधापलीकडं बोट केलं. ‘आन् त्याच्यात?’ तेही सांगितलं, टक्केवारीसकट. ‘बरं,’ म्हणाले आणि कप पुढं केला. पाहुणा पलीकडून त्याचा कप उंच करून दाखवत होता. आण्णांनीही आपला दाखवला.

तेव्हा येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, एवढी दुरुस्ती छापावी की वाइन उकळू नये, आणि उकळली तरी ती मुलांना, माळकऱ्यांना आणि ज्यांना दारू वर्ज्य आहे अशा कुणालाही देऊ नये. शक्य झालं तर बिनदारूच्या पातेल्याची कृतीही सोबत द्यावी. हुरड्याचा हंगाम तोंडावर आहे आणि शेतांवरच्या पार्ट्यांचे फलक लागायला सुरुवात झालीय.

माझं नाव छापू नये. आण्णा आपलाच पेपर वाचतात. ओळखायचं ते ओळखतीलच, पण माळेची गोष्ट मी चारचौघांत सांगितली हे नाव बघून कळण्यापेक्षा मीच त्यांना सांगेन म्हणतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, लातूर