ठरावाची झेरॉक्स

कराड,
5 एप्रिल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझं काम फक्त मसुदे वाचायचं, आलेल्या सूचनांची टिपणं काढायची आणि बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. सीए होऊन कारकुनीच करायची का?" मी तेव्हा काही बोललो नाही. आई शेजारी होती, आणि जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. लेखामानकं, म्हणजे कंपन्यांनी हिशेब कसा मांडायचा त्याचे नियम, जिथं लिहिली जातात तिथं तू बसणार आहेस. माझी सगळी हयात दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांप्रमाणं खतावणी करण्यात गेली. म्हणून हे पत्र.

मी हिशेब लिहायचो ती पतसंस्था बुडाली एवढं तुला माहीत आहे. कशी बुडाली ते मी तुला नीट कधीच सांगितलं नाही.

2003 सालचा मार्च एण्ड. तू बालवाडीत होतीस. संध्याकाळी सहा वाजता चेअरमनसाहेब माझ्या टेबलाशी आले आणि अकरा कर्जखात्यांची यादी पुढं ठेवली. यातली बरीचशी खाती त्यांच्या भावकीतली. नवं-जुनं करायचं होतं. म्हणजे जुनं कर्ज आज फिटलं असं दाखवायचं आणि त्याच दिवशी त्याच माणसाला नवं कर्ज दिलं असं लिहायचं. रोजकीर्दीच्या एकाच पानावर डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रक्कम पैशापर्यंत तीच. रोख पैसा कुणाच्याच हातात येत नाही, पण थकलेलं व्याज मात्र वसूल झालं म्हणून नफ्यात जातं. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणालो. ते चिडले नाहीत. "बरं, एंट्री करू नका," एवढंच बोलून गेले.

रात्री साडेनऊला शिपाई एक टाइप केलेला कागद घेऊन आला. संचालक मंडळाचा ठराव होता. आमच्या संस्थेचं धोरण असं होतं, की दोन वर्षांवर थकलेल्या कर्जाचं व्याज मिळाल्याशिवाय उत्पन्नात धरायचं नाही. ठरावानं त्या दोन वर्षांची चार वर्षं केली. बाकी काही नाही, एक शब्द बदलला. ती अकराच्या अकरा खाती पुन्हा नियमात बसली. मला नवं-जुनं करावं लागलं नाही. ठरावाप्रमाणं "येणे व्याज" खात्याला नावे टाकून व्याज उत्पन्नात घेतलं, आणि ते सगळं नियमाप्रमाणं होतं. ऑडिटरनं अहवालात लिहिलं, "संस्थेच्या धोरणानुसार." सर्वसाधारण सभेत लाभांश जाहीर झाला, टाळ्या पडल्या.

दोन वर्षांनी शटर खाली आलं. आपल्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या आक्का आठवतात ना? ठेवपावती दुधाच्या पिशवीत गुंडाळून त्या आपल्या ओट्यावर येऊन बसायच्या. ओरडायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. दर महिन्याला एकच प्रश्न विचारायच्या, "भाऊ, पुस्तकात तर नफा होता ना?" मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते ते.

हे सगळं तुझ्या कामाशी कसं जोडलेलं आहे ते सांगतो. पतसंस्थेनंतर मी एका सीएच्या ऑफिसात लागलो, ते तुला आठवत असेल. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र बाहेर आलं. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक 5,361 कोटी, त्यातले 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. ऑफिसात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. पुढचे तीन महिने चहाच्या टपरीवरसुद्धा ऑडिटरांचीच चर्चा. आणि त्या गदारोळातच 31 मार्च 2009 ला केंद्र सरकारची एक अधिसूचना निघाली. एएस 11 या परकी चलनाच्या व्यवहारांवरच्या मानकात परिच्छेद 46 घातला गेला. त्यावर टपरीवर कुणी बोललं नाही. माझ्या साहेबांनी ती अधिसूचना वाचायला दिली. तारीख पाहिली आणि मला ती रात्रीची साडेनऊची वेळ आठवली.

त्या परिच्छेदात काय होतं ते तू परीक्षेसाठी पाठ केलंस. मी मात्र ते माणसांच्या भाषेत मांडतो. 2008 च्या सुरुवातीला डॉलर चाळिशीच्या आत होता, 2009 च्या मार्चमध्ये पन्नाशी ओलांडून गेलेला. समज, एखाद्या कारखानदारानं 10 लाख डॉलर कर्ज काढून मशीन आणलं. 40 च्या भावानं देणं 4 कोटी. डॉलर 51 झाला, देणं 5 कोटी 10 लाख. वाढलेले 1 कोटी 10 लाख त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात तोटा म्हणून दाखवा, असं मानक म्हणत होतं. परिच्छेद 46 नं सांगितलं, लांब मुदतीचं परकी चलनाचं कर्ज असेल तर हा फरक मशीनच्या किमतीत मिळवा आणि घसाऱ्यातून हळूहळू खर्ची टाका. मशीन शेडमध्ये तेच, तिथंच उभं. पुस्तकात मात्र ते 1 कोटी 10 लाखांनी महाग झालं आणि त्या वर्षीचा तोटा नाहीसा झाला. तेही मागल्या तारखेपासून, 7 डिसेंबर 2006 नंतर सुरू झालेल्या वर्षांना लागू. सवलत आधी 2011 पर्यंत होती, मग 2012, मग थेट 2020.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं मी म्हणणार नाही. जुन्या कंपनी कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात आयात केलेल्या मालमत्तेसाठी अशीच पद्धत होती, आणि जगभर मंदी होती. वाद घालण्यासारखा मुद्दा होता, तर तो आधी, उघड्यावर, सवडीनं घालायला हवा होता. वर्ष संपताना, निकाल दिसू लागल्यावर फूटपट्टीच बदलली, हे मला आजही सहन होत नाही. सत्यममध्ये नियम मोडला गेला, म्हणून माग निघाला, माणसं तुरुंगात गेली. नियमच बदलला की माग काढायला काही उरत नाही. आमच्या संस्थेवर पुढं चौकशी बसली तेव्हा त्या व्याजावर कुणालाही बोट ठेवता आलं नाही. ठराव होता ना.

आपल्याकडेच असं घडतं असंही समजू नकोस. त्याच आठवड्यात, 2 एप्रिल 2009 ला, अमेरिकेतल्या नॉरवॉकमध्ये त्यांच्या लेखामानक मंडळानं, एफएएसबीनं, बँकांकडच्या रोख्यांचं बाजारभावानं मोल करायचे नियम सैल केले. तीन आठवडे आधी, 12 मार्चला, अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं मंडळाच्या अध्यक्षांना समोर बसवून दम भरला होता. त्याआधी 1994 मध्ये, कर्मचाऱ्यांना दिलेल्या स्टॉक ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर घ्यायच्या हक्काचा, खर्च पत्रकात दाखवा म्हणून मंडळ अडून बसलं, तेव्हा सिनेटनं 88 विरुद्ध 9 मतांनी त्याविरुद्ध ठराव केला. ठराव बंधनकारक नव्हता, पण मंडळानं माघार घेतली. तो खर्च सक्तीचा व्हायला 2004 उजाडलं. मधल्या काळात एन्रॉन कंपनीचा हिशेबाचा घोटाळा होऊन गेला होता.

तरी त्यांच्याकडची एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. एफएएसबी वेगळ्या विश्वस्त संस्थेखाली आहे. विश्वस्तांनी माणसं नेमायची, पैसा आणि कामाची पद्धत बघायची, पण मानकात काय लिहायचं त्यात हात घालायचा नाही. पूर्वी पैसा बराचसा देणग्यांतून यायचा, म्हणजे ज्यांना नियम लागायचा त्यांच्याच खिशातून. 2002 च्या कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर सक्तीची वर्गणी बसवली आणि तो मिंधेपणा संपवला. बैठका उघड चालतात. आणि मानक मंजूर झालं तरी ज्या सदस्याला ते पटलं नाही त्याचं मत कारणांसकट त्याच मानकात छापतात. हे छापणं मला फार मोलाचं वाटतं. का, ते शेवटी सांगतो.

आपल्याकडे 1949 च्या कायद्यानं सीए इन्स्टिट्यूट झाली, 1977 मध्ये तिनं लेखामानक मंडळ नेमलं. इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलात जास्तीत जास्त 40 माणसं, 32 सीएंनी निवडून दिलेली, 8 सरकारनं नेमलेली. म्हणजे मानकाचा मसुदा लिहिणारे, त्याप्रमाणं हिशेब तपासणारे आणि चुकलेल्यावर कारवाई करणारे सगळे एकाच घरातले. त्या घरात फार विद्वान आणि प्रामाणिक माणसं होऊन गेली. एएस 9 हे 1985 चं मानक बघ, वसुलीबद्दल मोठी शंका असेल तर व्याज उत्पन्नात धरू नका असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आमच्या ठरावाच्या 18 वर्षं आधी! पण घरातल्यानं घरातल्याला जाब विचारायचा म्हटलं की जीभ अडखळतेच. 1999 च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात लेखामानकांसाठी राष्ट्रीय सल्लागार समिती आली. ती नावाप्रमाणं सल्ला देणारी. परिच्छेद 46 आला तेव्हा हीच रचना होती.

मग 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 132 आलं, राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण, तुमचं एनएफआरए. कागदावर पाच वर्षं पडून राहिलं. फेब्रुवारी 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर पडला, 1 मार्चला मंत्रिमंडळानं मान्यता दिली आणि 1 ऑक्टोबरला प्राधिकरण उभं राहिलं. आता इन्स्टिट्यूट शिफारस करते, प्राधिकरण ती तपासतं आणि सरकार अधिसूचना काढतं. प्राधिकरणाच्या पूर्णवेळ सदस्यांना नेमणुकीच्या काळात आणि नंतरची दोन वर्षं कुठल्याही ऑडिट फर्मशी संबंध ठेवता येत नाही. त्याचे हिशेब कॅग तपासतं, अहवाल संसदेपुढं जातो. 2024 मध्ये एसए 600 या ऑडिटच्या मानकावरून प्राधिकरण आणि इन्स्टिट्यूट उघडपणे भांडले. समूह कंपनीच्या मुख्य ऑडिटरनं उपकंपन्यांच्या ऑडिटची जबाबदारी किती घ्यायची हा मुद्दा, आणि लहान फर्मांची कामं जातील ही इन्स्टिट्यूटची भीती. पुष्कळांना ते भांडण लाजिरवाणं वाटलं. मला बरं वाटलं. दोघांच्या बाजू वर्तमानपत्रात वाचायला मिळाल्या. पूर्वी अशी भांडणं बंद दारामागं मिटायची आणि आपल्या हातात फक्त निकाल यायचा.

एक काळजी मात्र जात नाही. प्राधिकरणाचा अध्यक्ष सरकार नेमतं, शेवटची अधिसूचना सरकार काढतं, आणि मोठमोठ्या बँकांची, कंपन्यांची मालकी सरकारचीच. नव्या मानकांप्रमाणं बँकांना बुडीत कर्जाची तरतूद कर्ज थकायच्या आधीपासून करावी लागली असती. 22 मार्च 2019 ला रिझर्व्ह बँकेनं ती मानकं बँकांसाठी पुढील आदेशापर्यंत लांबणीवर टाकली, कायद्यातल्या दुरुस्त्या सरकारकडे विचाराधीन आहेत म्हणून. घर बदललं, पण ज्याला नियम लागायचा तो अजून नियम लिहिणाऱ्याच्या टेबलाशी उभा राहू शकतो. चेअरमनसाहेब माझ्या टेबलाशी उभे होते तसा.

म्हणून म्हणतो मुक्ता, इतिवृत्त लिहिणं कारकुनी नाही. मसुद्यावर कुणाच्या सूचना आल्या, कुणी सवलत मागितली, ती मागणाऱ्याचा त्यात किती पैसा अडकलाय, बैठकीत कोण काय म्हणालं, कुणाला पटलं नाही आणि का, हे ज्या कागदावर उतरतं तो कागद तुझ्या हातचा आहे. "सविस्तर चर्चेनंतर मान्य करण्यात आले" या वाक्याखाली काय काय पुरता येतं ते मी पाहिलंय. कुणी म्हणेल, विरोधाचा उल्लेख कशाला, शेवटी एकमत झालं ना. तेव्हा नम्रपणे सांग की साहेब, विरोध झाला होता, तो नोंदवते. मार्चच्या तोंडावर एखाद्या शब्दाची दुरुस्ती आली तर ती कुणी सुचवली ते टिपणात लिही. त्यापायी नोकरीत त्रास झाला तर घर आहे. आईशी बोललोय, तिचंही हेच म्हणणं आहे.

या पत्रासोबत त्या ठरावाची झेरॉक्स पाठवतोय. मूळ कागद चौकशीत जमा झाला, त्याआधी मी प्रत काढून ठेवली होती, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये. तळाशी डाव्या बाजूला बघ, "वाचले" असं लिहून माझी सही आहे. त्या शब्दाच्या वर चार बोटं जागा रिकामी होती. "मला हे मान्य नाही" एवढं लिहायला ती पुरली असती. पेन हातात होतं.

मोठ्या पाकिटात घालून स्पीड पोस्टानं पाठवतो, म्हणजे घडी पडायची नाही. मिळालं की फोन कर.

तुझा,
बाबा