दुसऱ्या गिअरची खरखर

प्रिय दिल्या,

इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा तसाच. बंड्या सांगून गेला की तू अख्खा गिअरबॉक्सच बदलायला निघालास. अरे, थांब जरा!

खरखर तिसऱ्यातून दुसऱ्यात येतानाच होते ना? मग आधी क्लच तपास. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांब आणि रिव्हर्स टाक. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडायच्या आधी वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो. तिथेही खर्र वाजलं, तर क्लच नीट सुटत नाहीये, गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. रिव्हर्स गुपचूप पडला, तर संशय दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोतल्या पितळी रिंगवर.

दुसरा गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असतो, शाफ्टला पक्का असतो तो शेजारचा हब आणि त्याच्यावर सरकणारी दातेरी कडी, म्हणजे स्लीव्ह. तू दांडा ओढलास की स्लीव्ह सरकते, हबमधल्या तीन चाव्या रिंगला पुढे रेटतात, रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून दोघांचा वेग एक करते. तोवर रिंगचे तिरपे दात स्लीव्हला आत जाऊच देत नाहीत. खालच्या गिअरवर येताना तर रिंगला क्लच प्लेटही फिरवून वेगात आणावी लागते, म्हणून दुसऱ्याची रिंग आधी जाते. तिच्या आतल्या बारीक खाचा तेलाचा थर कापतात. त्या गुळगुळीत झाल्या की रिंग नुसती घसरते, आणि वेग जुळायच्या आत स्लीव्ह गिअरच्या दातांवर आदळते. तीच तुझी खरखर.

मला खरी काळजी तेलाची आहे. कुणी डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) जीएल-५ दर्जाचं तेल ओतलं नाही ना? ते या रिंगला जास्तच निसरडं पडतं, शिवाय त्यातलं गंधक पितळेला खाऊ शकतं. मॅन्युअलात जीएल-४ असेल तर तेच, सांगितलेल्याच ग्रेडचं घाल. अनेकदा एवढ्यानेच फरक पडतो.

गिअरबॉक्स खोलावाच लागला, तर मेकॅनिकसमोर उभा राहा. रिंग त्या शंकूवर दाबून धरायची आणि तिच्या व गिअरच्या दातांमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. नव्या रिंगला साधारण १ मिमी असते, अर्ध्याच्या आसपास आली की रिंग बाद. नेमकी मर्यादा मॅन्युअलात बघ. स्लीव्हचे आणि गिअरचे दात टोकाला गोल झालेत का, तेही पाहा. झाले असतील तर नुसती रिंग बदलून पैसे पाण्यात.

तोवर डबल क्लच मार: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग दुसरा. "ते ट्रकवाल्यांचं काम" म्हणून खंबाटकीत भांडला होतास, आता मुकाट्याने कर!

वहिनींची बदली झाली का? पोरीच्या दहावीचं कळव.

तुझा,
सुध्या