स्कायलाइनची तुलना छापताना जागा, वेळ आणि गच्चीची उंचीही छापा

महोदय,

न्यूयॉर्क आणि शिकागो या शहरांच्या स्कायलाइनचे, म्हणजे दुरून दिसणाऱ्या इमारतींच्या आकाशरेषेचे, दोन फोटो शेजारी शेजारी छापून ‘सरस कोण?’ असे विचारण्याची पद्धत जुनी आहे. प्रश्न चांगला आहे. पण ते फोटो बहुतेक वेळा वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या लेन्सने आणि दिवसाच्या वेगळ्या वेळी काढलेले असतात. खाली उंच इमारतींचा आकडा दिला जातो आणि विषय तिथेच संपतो. १५० मीटरहून उंच इमारती न्यूयॉर्कमध्ये शिकागोच्या दुपटीहून जास्त आहेत हे खरे. मात्र स्कायलाइन ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट असल्याने कुठून पाहिले हे आधी सांगायला हवे.

शिकागोत अॅडलर तारांगणाजवळच्या किनाऱ्यावरून सगळे शहर एका नजरेत मावते. तिथून विलिस टॉवर, म्हणजे पूर्वीचा सिअर्स टॉवर, सुमारे पावणेतीन किलोमीटरवर आहे आणि हॅनकॉक सेंटर जवळपास चार किलोमीटरवर. विलिसची उंची ४४२ मीटर, हॅनकॉकची ३४४. म्हणजे हॅनकॉक विलिसच्या ७८ टक्के उंच आहे. पण या जागेवरून तो साधारण ५५ टक्केच दिसतो. न्यूयॉर्कमध्ये तर क्रमच उलटतो. हडसन नदीपलीकडच्या वीहॉकनच्या कड्यावरून पाहिले तर एम्पायर स्टेट (३८१ मीटर) साधारण सव्वातीन किलोमीटरवर येते आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर (५४१ मीटर) सहा किलोमीटरवर. फोटोत एम्पायर स्टेट मोठे दिसते. ज्याला आकडे माहीत नाहीत त्याचा गैरसमज होणारच.

यावर लेन्स बदलणे हा उपाय नाही. मागच्या-पुढच्या इमारतींचे प्रमाण लेन्सवर अवलंबून नसून अंतरावर असते. सारख्या उंचीच्या दोन इमारतींमध्ये एक किलोमीटरचे अंतर असेल, तर पुढचीपासून एक किलोमीटरवर उभे राहिल्यावर मागची निम्मी दिसते आणि दहा किलोमीटरवरून ९१ टक्के. म्हणून लांबून काढलेल्या फोटोत सगळे टॉवर एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात आणि शहर आहे त्यापेक्षा दाट भासते. लेन्सने ठरते ती चौकट. तीन किलोमीटरवरून फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये साधारण सव्वादोन किलोमीटर रुंदीचे शहर येते, २०० मिलिमीटरमध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर. न्यूयॉर्कच्या बहुतेक उंच इमारती जिथे आहेत ते मॅनहॅटन बेट सुमारे साडेएकवीस किलोमीटर लांब आहे. ते कोणत्याच एका चौकटीत नीट बसत नाही.

फार लांब गेले तर पृथ्वीची गोलाई आड येते. मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर इंडियाना ड्यून्सपासून शिकागो सुमारे ५० किलोमीटर आहे. पाण्यापासून दोन मीटर उंचीवर डोळा असेल, तर तिथून इमारतींचा खालचा १३० ते १६० मीटरचा भाग क्षितिजाखाली जातो. हवेतल्या प्रकाशाच्या वक्रीभवनाप्रमाणे हा आकडा रोज थोडा हलतो. उंच टॉवरांचे शेंडे तेवढे पाण्यातून वर आल्यासारखे दिसतात. दृश्य सुरेख असते, पण मधल्या उंचीच्या शेकडो इमारती त्यातून गळालेल्या असतात.

वेळेचेही तसेच. शिकागोत सरोवर पूर्वेला आहे. काठावरून शहराकडे पाहताना सकाळी ऊन दर्शनी भागावर पडते आणि संध्याकाळी सूर्य इमारतींच्या मागे जातो. वीहॉकनहून न्यूयॉर्क पाहताना नेमके उलटे: सकाळी शहर काळे, संध्याकाळी सोनेरी. दोन्ही फोटो ‘सूर्यास्ताचे’ म्हणून छापले की एका शहराच्या काचा चमकतात आणि दुसऱ्याची नुसती सावली उरते. हा न्याय नव्हे.

आता उंचीचा मुद्दा. इमारतींच्या उंचीची अधिकृत मोजणी करणारी आंतरराष्ट्रीय परिषद कळस धरते, अँटेना धरत नाही. २०१३ मध्ये वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचा १२४ मीटरचा खांब कळस ठरला आणि ५४१ मीटर हा आकडा मान्य झाला. तिची गच्ची ४१७ मीटरवर आहे. विलिसची गच्ची ४४२ मीटरवर, म्हणजे पंचवीस मीटर वर. पण डोक्यावरच्या दोन अँटेना मोजणीत नाहीत. त्या धरल्या तर विलिस ५२७ मीटरपर्यंत जातो. दुरून डोळ्यांत भरते ते गच्चीपर्यंतचे घनाकार शरीर, बारीक खांब नव्हे. तुलनेत गच्चीची उंची दिलीच पाहिजे.

दोन शहरे वेगळी का दिसतात, याचे सर्वात ठळक उत्तर कायद्यात आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ३८ मजल्यांची इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेपासून सरळ वर उभी राहिली आणि आजूबाजूचा उजेड गेला. पुढच्याच वर्षी नियम आला: ठराविक उंचीनंतर इमारत मागे सरकली पाहिजे, मात्र भूखंडाच्या २५ टक्के भागावर टॉवर हवा तितका उंच नेता येईल. पायऱ्यापायऱ्यांचे ते जुने टॉवर यातून आले. १९६१ मध्ये चटईक्षेत्राची, म्हणजे भूखंडावरच्या सगळ्या मजल्यांच्या एकूण क्षेत्राची, मर्यादा आली, त्यात न वापरलेले चटईक्षेत्र शेजाऱ्याकडून विकत घेता येते. सेंट्रल पार्कच्या दक्षिणेचे पेन्सिलीसारखे टॉवर याच हिशेबातून निघाले. यंत्रसामग्रीचे मजले चटईक्षेत्रात धरत नसत, म्हणून काही विकासकांनी असे पोकळ मजले अवाजवी उंच ठेवले. २०१९ पासून निवासी भागात २५ फुटांपेक्षा उंच पोकळी मोजली जाऊ लागली.

शिकागोत १८९३ पासून काही काळ उंचीवर थेट १३० फुटांची मर्यादा होती आणि पुढे ती वर-खाली होत राहिली. तरी तिथल्या स्कायलाइनचे खरे भाग्य म्हणजे ग्रँट पार्क. सरोवरकाठची ही जमीन कायम मोकळी राहावी यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, म्हणून आज शहराच्या दर्शनी भिंतीपुढे आडवे येणारे काही नाही.

मॅनहॅटनच्या दोन उंच भागांमधला, म्हणजे दक्षिण टोक आणि मधला मिडटाउन यांच्यामधला, स्कायलाइनचा खोलगट भाग खडकामुळे पडला, असे नेहमी लिहिले जाते. ते पटत नाही. १९१३ ची वूलवर्थ बिल्डिंग, २४१ मीटर उंच, खडक सुमारे ३० मीटर खोल असूनही केसॉन (पायासाठी जमिनीत खोल उतरवायच्या पोकळ पेट्या) उतरवून बांधलीच. शिकागोत तर मऊ चिकणमातीखाली तितक्याच खोलीवर खडक लागतो आणि वर शंभर मजले उभे आहेत. खोल पायाने खर्च वाढतो, बांधकाम अडत नाही. मिडटाउनला कार्यालये गेली त्यामागे पेन स्टेशन (१९१०) आणि ग्रँड सेंट्रल (१९१३) या रेल्वे स्थानकांचा मोठा हात आहे.

सांगाड्याच्या बाबतीत मात्र माझे मत शिकागोकडे झुकते. हॅनकॉकच्या बाहेरचे तिरपे पट्टे वाऱ्याचा जोर पायापर्यंत नेतात, आणि ते कोणालाही दिसतात. विलिस म्हणजे ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्यांची जुडी. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि उरलेल्या दोन माथ्यापर्यंत जातात. त्यामुळे तिची आकृती प्रत्येक दिशेने निराळी दिसते. एका फोटोत ती कळत नाही. वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटले की टॉवर डोलतो, आणि ती लय मोडायला दोन्ही शहरांत आता मजलेच उघडे ठेवतात: न्यूयॉर्कच्या ४३२ पार्क अॅव्हेन्यूत ठराविक मजल्यांनंतर दोन-दोन, शिकागोच्या सेंट रेजिसमध्ये ८३ वा. हे उघडे पट्टे चांगल्या फोटोत स्पष्ट दिसतात.

म्हणून विनंती अशी, की अशा फोटोंखाली एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ: ‘अॅडलर तारांगणाजवळून, वायव्येकडे, विलिस टॉवर पावणेतीन किलोमीटर, गच्ची ४४२ मीटर, लेन्स ५० मिलिमीटर, सकाळी आठ.’ दुसऱ्या शहराचा फोटो त्याच लेन्सने, शक्य तितक्या सारख्या अंतरावरून आणि ऊन इमारतींच्या दर्शनी भागावर असतानाचा निवडावा. वीहॉकनसाठी ती वेळ दुपारी चारनंतरची.

आपला,
एक स्थापत्य अभियंता वाचक