मोटर बदलण्याआधी खालचा स्क्रू फिरवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत एअरसॉफ्टवरचा, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांच्या खेळावरचा, लेख आला ते बघून बरं वाटलं, आमच्या या वेडाबद्दल मराठीत कोणी लिहीतच नाही. पण त्यातलं एक वाक्य वाचून राहवेना म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की बंदूक किरकिर आवाज करायला लागली किंवा बीबी (ती प्लास्टिकची गोळी) लांब जाईनाशी झाली की मोटर जास्त पॉवरची टाकावी. एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मी स्वतः केल्यात, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आधी बीबी लांब न जाण्याचं बघू, ते पटकन होईल. इलेक्ट्रिक बंदुकीत मोटर बीबीला ढकलत नाही हो. मोटर तीन गिअर फिरवते, बेव्हल, स्पर आणि सेक्टर, त्यातला सेक्टर पिस्टनचे दाते पकडून त्याला मागे खेचतो, मागे स्प्रिंग दाबली जाते, मग सेक्टरचे दाते संपतात आणि पिस्टन सुटून पुढे धावतो आणि पुढची हवा नोझलमधून बीबीवर आदळते. म्हणजे वेग ठरतो तो स्प्रिंग, हवेची गळती आणि बॅरल यांच्यावर. ०.२० ग्रॅमची बीबी सेकंदाला १०० मीटरने सुटली, म्हणजे साधारण ३२८ एफपीएस (फूट प्रति सेकंद), तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते, आणि तिच्यामागची मोटर कुठलीही असो, आकडा तोच राहतो. वेग पडला असेल तर पिस्टन हेडची ओ-रिंग (रबरी कडं) बघा. सिलिंडरमध्ये पिस्टन घाला, पुढून सिलिंडर हेड आणि नोझल लावा, नोझलचं तोंड बोटाने दाबून पिस्टन ढकला. पिस्टन अडून राहिला तर ठीक, आरामात आत गेला तर हवा कुठूनतरी पळतेय. पुष्कळदा ओ-रिंग वाळलेली असते, थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की काम होतं.

आता किरकिर. माझी बंदूक एकदा अशी केकाटायला लागली की मी कोणाला काही न विचारता सरळ नवी मोटर आणली, निओडिमियम मॅग्नेटची, एकदम जोरदार. बसवली, ट्रिगर ओढला, नुसता एक झटका आणि बंद. वायर उलट्या लावल्या होत्या! पॉझिटिव्ह टर्मिनलपाशी लाल ठिपका असतो तो बघितलाच नव्हता. मोटर उलटी फिरायला बघते आणि गिअरबॉक्समधला अँटी रिव्हर्सल लॅच बेव्हलला उलटा फिरू देत नाही, म्हणून सगळं जागच्या जागी अडतं. वायर सरळ केल्या तर आवाज आधीपेक्षा वाईट, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत नव्या मोटरच्या पिनियनचे (मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचे) दाते अर्धे खाल्ले गेलेले.

कारण काय, तर ग्रिपच्या (मुठीच्या) तळाला असलेला एक छोटासा स्क्रू. त्यावर मोटर टेकलेली असते, तो आत घातला की मोटर वर जाते आणि पिनियन बेव्हलमध्ये घट्ट बसतो, सैल केला की खाली येते. फार खाली असली की दाते टोकाटोकाला घासतात आणि कर्कश आवाज येतो, आणि जुन्या मोटरचं दुखणं एवढंच होतं. फार वर असली तर आवाज जड दबका होतो, फायरिंग मंदावतं आणि ग्रिप हाताला चटका देईल इतकी तापते कारण मोटर विनाकारण जास्त करंट ओढत असते. मधली जागा कानानेच शोधावी लागते: पाव वळसा फिरवायचा, दोन-तीन शॉट, ऐकायचं, परत पाव वळसा. जिथे आवाज सगळ्यात स्वच्छ आणि फायरिंग सगळ्यात चपळ तिथे थांबायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि गिअरबॉक्स उघडावाही लागत नाही.

स्क्रू फिरवूनही आवाज जात नसेल तर मग शिमिंग. गिअरच्या दांड्यावर ०.१, ०.१५, ०.२, ०.३ मिलिमीटरचे पातळ वॉशर घालून प्रत्येक गिअर योग्य उंचीवर आणायचा. आधी पिनियनच्या हिशोबाने बेव्हल, मग स्पर, मग सेक्टर, अशा क्रमाने मी करतो, काहीजण स्परपासून सुरू करतात आणि त्यावर भांडतातही, असो. गिअरबॉक्सचं शेल (बाहेरचं कवच) स्क्रूने बंद केल्यावर गिअर बोटाने मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली डुगडुगता कामा नये, बास. हे पहिल्यांदा करताना मला अख्खी रात्र लागली, खोटं का बोला.

आणि जोरदार मोटरचा धोका वेगळाच आहे. मऊ स्प्रिंग, वेगवान मोटर आणि ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असं एकत्र आलं की पिस्टन पूर्ण पुढे पोचायच्या आत सेक्टर परत फिरून येतो आणि त्याला वाटेतच धरतो, मग पिस्टनचे दाते सोलून निघतात. इलाज म्हणजे स्प्रिंग कडक करा (मग वेगही वाढतो, मैदानाची मर्यादा बघा), नाहीतर सेक्टरचे एकदोन दाते काढून पिस्टनचा प्रवास कमी करा, किंवा गुपचूप ७.४ व्होल्टवर या. त्यात मॉसफेट (ट्रिगरच्या कॉन्टॅक्टऐवजी मोटरचा करंट झेलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसेल तर ११.१ व्होल्टवर ट्रिगरचे कॉन्टॅक्टसुद्धा जळून काळे पडतात, आणि मग ट्रिगर ओढला तरी काही होत नाही आणि माणूस पुन्हा मोटरलाच शिव्या देतो.

लेखात एक गोष्ट मात्र राहून गेली, ती जमलं तर पुढच्या वेळी चौकटीत छापा. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी मॅगझिन काढा, आत राहिलेली बीबी मोकळ्या दिशेला उडवून टाका आणि मग बॅटरी काढा. स्प्रिंग अर्धी दाबलेली राहिली असेल तर लॅच मोकळा करून तिचा ताण सोडा. शेल उघडताना मागच्या भोकातून एलन की घालून स्प्रिंग गाइड दाबून ठेवा आणि डोळ्यावर गॉगल असू द्या. मी नव्हता घातला. स्प्रिंग कानाजवळून गेली, तिच्यासोबत लॅचची तांदळाएवढी स्प्रिंगही उडाली आणि ती शोधायला मी दोन दिवस जमिनीवर रांगत होतो.

जुनी मोटर मी परत बसवली, स्क्रू जागेवर आणला, अजून तीच चालू आहे. नवी डब्यात पडून आहे, तिचा पिनियन तेवढा बदलायचाय.

आपला,
एक नियमित वाचक