वर्गणीत मिळणारी सहा एक्सपान्शन्स विकत दिल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन गेम विक्री विभाग

विषय : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट : सहा एक्सपान्शन्सचा महासंच’ या नावाखाली झालेली दिशाभूल, पैसे परत मिळणे व तुलना-तक्ता काढून टाकणेबाबत.

महोदय / महोदया,

वरील संच, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून हजारो जणांनी एकत्र खेळायच्या ‘वॉव’ या ऑनलाइन खेळाचे सहा जुने पुढचे भाग (एक्सपान्शन्स), गेल्या महिन्यात माझ्या खात्यावरून 4,299 रुपयांना घेतला गेला. पावती जोडली आहे. तो माझ्या भाचीसाठी होता. तिची बारावी संपली आणि आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, येऊन खेळायचं तिने ठरवलं. त्यासाठी काय काय विकत घ्यावं लागतं हे तिने मावशीला विचारण्याऐवजी आपल्या पानावरच्या तक्त्याला विचारलं. तक्त्याने सांगितलं की ‘द वॉर विदिन’ हे नंतरचं एक्सपान्शन खेळायचं तर आधी ‘बर्निंग क्रूसेड’पासून ‘लीजन’पर्यंतची सहाही एक्सपान्शन्स खात्यात हवीत. कार्ड माझं, त्यामुळे पत्र मी लिहिते आहे.

आधी पैशांचं बघू. जुलै 2018 मध्ये वॉवचा मूळ खेळ वेगळा विकणं बंद झालं आणि ‘लीजन’पर्यंतची सगळी एक्सपान्शन्स महिन्याच्या वर्गणीत धरली गेली. म्हणजे आपण ज्या सहा नावांचे पैसे घेतलेत, ती सहाही नावं वर्गणी भरणाऱ्या कोणालाही वेगळा पैसा न देता मिळतात. ही काही आतली बातमी नाही. जो माणूस हा खेळ विकतो त्याला ती माहीत नसेल तर कठीण आहे, आणि माहीत असूनही विकत असेल तर त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

मग 4,299 रुपयांत आलं काय? एक कोड. तो टाकल्यावर खात्यात एकच गोष्ट जमा झाली : तीस दिवसांचा गेम टाइम, म्हणजे एका महिन्याची वर्गणी. तोही अमेरिकी विभागाचा. आमचं गिल्ड युरोपच्या सर्व्हरवर आहे, कारण निम्मी मंडळी पुण्या-ठाण्याची आणि उरलेली म्युनिक, लंडनकडची. म्युनिकचे संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. तेवढं जागरण आम्ही करतो, पण अमेरिकेच्या वेळेवर रेड (मोठ्या गटाने मिळून करायची चढाई) करायची तर नोकऱ्याच सोडाव्या लागतील. वॉवमध्ये विभागागणिक लायसन्स आणि गेम टाइम वेगळा असतो, एकीकडचा दुसरीकडे चालत नाही. आपल्या पानावर विभागाचा उल्लेख कुठेही नाही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, बारीक अक्षरांसकट.

आता तो तक्ता. त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण पुढची गिऱ्हाइकं त्यालाच भुलणार आहेत.

प्रत्येक एक्सपान्शनपुढे आपण कमाल लेव्हल दिली आहे : 70, 80, 85, 90, 100, 110. खाली ठळक अक्षरांत ‘एकूण 110 लेव्हल्सचा प्रवास’. हा प्रवास ऑक्टोबर 2020 मध्येच बंद झाला. ‘शॅडोलँड्स’ या नंतरच्या एक्सपान्शनच्या आधीच्या पॅचमध्ये (खेळाच्या सुधारित आवृत्तीत) सगळ्या लेव्हल्स दाबल्या गेल्या आणि 120 चा खेळाडू एका सकाळी 50 चा झाला. तेव्हापासून नॉर्थरेंड, म्हणजे ‘रॅथ ऑफ द लिच किंग’चा खंड, संपवला की 80 वी लेव्हल हे जुनं गणित चालू खेळात उरलेलं नाही. आज नवा खेळाडू ‘एक्झाइल्स रीच’ नावाच्या बेटावर सुरुवात करतो, दहाव्या लेव्हलनंतर त्याला ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये पाठवतात. जुनं एक्सपान्शन बघायचं असेल तर राजधानीत क्रोमी नावाची बुटकी बाई उभी असते, तिच्याकडून काळ निवडायचा. कोणताही काळ निवडा, लेव्हल्स त्याच. तेव्हा आपला पहिलाच रकाना रद्दीचा आहे.

ताऱ्यांचा रकाना त्याहून वाईट. ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’ला पाचपैकी पाच, आणि शेजारी कारण : ‘1 कोटी खेळाडू’. आकडा खरा आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये ते आलं तेव्हा वर्गणीदार 1 कोटीवर गेले होते. पुढचं वाक्य आपण छापलं नाहीत. 2015 च्या मध्यापर्यंत ते 56 लाखांवर आले आणि त्याच वर्षी खेळ बनवणाऱ्या कंपनीने वर्गणीदारांचे आकडे जाहीर करणंच थांबवलं. कारण आम्ही जे खेळत होतो त्या सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येकाला स्वतःची छावणी, म्हणजे गॅरिसन, दिली होती. खाण तिथेच, औषधी वनस्पतींचा बाग तिथेच, सैनिकांना मोहिमेवर पाठवायचं टेबल तिथेच. सकाळी लॉगिन करायचं, खाणीत एक चक्कर, बागेत एक चक्कर, टेबलावर चार बटणं, लॉगआउट. हजारो माणसांचा खेळ आणि जो तो घरकोंबडा. शहरात कोणी भेटेना, चॅटवर चिटपाखरू नाही. त्यात 6.1 चा ‘मोठा’ पॅच आला तो सेल्फी कॅमेरा घेऊन. लेव्हल वाढवतानाचे क्वेस्ट (गोष्टीतल्या कामगिऱ्या) मात्र या एक्सपान्शनचे उत्तम होते, हे मी आजही मान्य करते. पहिला महिना खरोखर पाच ताऱ्यांचा होता. पण एक्सपान्शन दोन वर्षं जगायचं असतं. ते कसं होतं हे पहिल्या आठवड्याच्या विक्रीवरून ठरवता येत नाही, शेवटच्या पॅचनंतर कळतं. ‘शॅडोलँड्स’च्या पहिल्या दिवशी 37 लाख प्रती खपल्या होत्या, पीसी खेळांमध्ये तेव्हाचा तो विक्रम होता. वर्षभरात खेळाडूंच्या बोंबाबोंबीपुढे कॉव्हेनंट (खेळाडूने निवडायचा पंथ) बदलण्यावरची आडकाठी काढावी लागली, हेही त्याच एक्सपान्शनचं.

(‘वॉरलॉर्ड्स’च्याच ओळीत ‘लेव्हल 90 बूस्ट मोफत’, म्हणजे पात्र एकदम 90 व्या लेव्हलवर, असंही छापलं आहे. तो बूस्ट त्या काळच्या खरेदीसोबत होता. भाचीच्या खात्यात तो आलेला नाही, येणारही नाही.)

‘रॅथ ऑफ द लिच किंग’समोर आपण लिहिलंत : ‘2008 चा संपूर्ण अनुभव’. इथे मला राग आवरला नाही. वर्गणीदारांचा आजवरचा उच्चांक, 1 कोटी 20 लाख, ऑक्टोबर 2010 मधला, म्हणजे याच एक्सपान्शनच्या अखेरचा, तो आपल्याला दिसला नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवते. ड्रॅगनब्लाइटमध्ये रॅथगेट नावाचं दार आहे. क्वेस्ट करत तिथे पोचलं की चित्रफीत सुरू होते : खेळातल्या दोन शत्रुपक्षांचे सेनानी, अलायन्सचा बोल्वार आणि होर्डचा तरुण सॉरफँग, दारासमोर उभे ठाकतात, खलनायक लिच किंग बाहेर येतो, आणि कोणाच्याच ध्यानीमनी नसताना वरच्या कड्यावरून विषाच्या पिंपांचा मारा सुरू होतो. दोन्ही बाजूंची फौज जागीच कोसळते, आणि शेवटी लाल ड्रॅगन येऊन सगळं जाळून टाकतात. 2008 मध्ये यानंतर आपण थेट अंडरसिटी या शहरावर चालून जायचो. अलायन्सचे खेळाडू आपले नेते व्हॅरियन आणि जेनासोबत, होर्डचे आपले नेते थ्रॉल आणि सिल्व्हॅनससोबत. माझ्या पात्राने त्या गटारांतून व्हॅरियनच्या मागे धावत जाणं, हे मला त्या एक्सपान्शनमधल्या कुठल्याही रेडपेक्षा जास्त आठवतं. ही लढाई 2010 मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ येताना चालू खेळातून काढून टाकली. आज चित्रफीत संपते आणि गोष्ट तिथेच लटकते. 2022 मध्ये ‘रॅथ’चं क्लासिक, म्हणजे जुना खेळ पुन्हा चालवणारी वेगळी आवृत्ती, आलं तेव्हा ती परत खेळायला मिळाली, पण मे 2024 मध्ये ते क्लासिकही ‘कॅटॅक्लिझम’वर गेलं. मग ‘2008 चा संपूर्ण अनुभव’ आपण नेमका कुठल्या गोदामातून काढून देणार होतात?

‘कॅटॅक्लिझम’च्या ओळीत ‘जुने जग + नवे जग’ असं आहे. ही तर उलटी गोष्ट झाली. त्या एक्सपान्शनने जुन्या जगाच्या जागीच नवं बसवलं. थाउजंड नीडल्स हा कोरडा ठणठणीत दऱ्यांचा भाग होता. वरून लिफ्टने उतरायचं आणि उंच सुळक्यांच्या पायथ्याने मैलोगणती चालायचं. 2010 नंतर तिथे समुद्र शिरला. शेजारचं शर्यतीचं मैदान पाण्याखाली गेलं, आता लोक नावेतून फिरतात. मला हा बदल आवडला होता, पण जुनं आणि नवं दोन्ही एकत्र मिळतं असं सांगणं खोटं आहे. 2004 चं जग बघायचं तर क्लासिकच्या सर्व्हरवर जावं लागतं, आणि तेही त्याच वर्गणीत येतं. आपल्या संचाची गरज तिथेही नाही.

‘मिस्ट्स ऑफ पँडेरिया’ला दोन तारे आणि शेरा : ‘लहान मुलांसाठी’. हा शेरा ज्याने लिहिला त्याने खेळाच्या वेष्टणावरचा पांडा पाहिला आणि तो घरी गेला. त्या एक्सपान्शनमध्ये दोन्ही पक्षांचं युद्ध एका शांत देशाला कसं नासवतं ही सरळ गोष्ट आहे, आणि थंडर किंगच्या सिंहासनाची रेड आजही माझ्या यादीत पहिल्या तिनांत आहे. शिवाय हाफहिलचं शेत! सुरुवातीला चार वाफे, गावकऱ्यांशी मैत्री वाढवत नेली की सोळा. बी पेरलं की कुठलं रोप पाण्यावाचून सुकलेलं, कुठल्याला कीड लागलेली. झारी वेगळी, फवारणीचा पंप वेगळा. रेडच्या आधी गिल्डची अर्धी माणसं आपापल्या वाफ्यांतली गाजरं उपटत असायची. दोष द्यायचाच तर खरा दोष द्या : शेवटची रेड सप्टेंबर 2013 मध्ये आली आणि त्यानंतर चौदा महिने नवं काही नाही. सीज ऑफ ओर्ग्रिमार या त्या शेवटच्या रेडचे तेच दरवाजे फोडून फोडून आमच्यातली कित्येक माणसं कायमची निघून गेली. हा तोटा आपल्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

‘लीजन’बद्दल थोडक्यात. आर्टिफॅक्ट शस्त्रं हे त्याचं मोठं आकर्षण, तक्त्यात तेच वर आहे. त्या शस्त्रांमध्ये आम्ही महिनोन् महिने ओतलेली शक्ती 2018 मध्ये पुढच्या एक्सपान्शनच्या तोंडावर काढून घेतली गेली. आता ती मुख्यतः दिसायला छान. मिथिक प्लसची, म्हणजे पाच जणांनी करायची चढत्या काठिण्याची, डंजन्स मात्र ‘लीजन’नेच आणली आणि आजचा अर्धा खेळ त्यांच्यावर चालतो, त्याचा आपल्याकडे उल्लेखच नाही. ‘बर्निंग क्रूसेड’ची ओळ त्यातल्या त्यात बरी आहे. कारझानच्या रेडमध्ये दहा माणसं लागतात, पंचवीस नव्हे, एवढं सुधारा. मी तिथे 256 केबीपीएसच्या ब्रॉडबँडवर हीलर होते, मला माणसं मोजता येत होती.

आपल्या चॅटवरच्या प्रतिनिधीने मला उत्तर दिलं : ‘डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही.’ ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 पाहावेत. वस्तू किंवा सेवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हावं लागतं. पहिली तक्रार मी चॅटवर केली होती, तिची पोच अजून आलेली नाही. म्हणून ही दुसरी तक्रार, पत्राने.

माझ्या मागण्या अशा. 4,299 रुपये पूर्ण परत करावेत, कूपन किंवा वॉलेटमधले पॉइंट चालणार नाहीत. अमेरिकी विभागाचा गेम टाइम वापरलेला नाही, तो आपण रद्द करून घ्यावा. संच विक्रीतून काढावा. काढायचा नसेल तर त्यावर ‘ही सहाही एक्सपान्शन्स वर्गणीत समाविष्ट आहेत’ आणि कोड कुठल्या विभागाचा आहे, हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावं. आणि तक्ता उतरवावा. नवा करणार असाल तर नव्या खेळाडूला लागतं तेवढंच द्या : आज काय विकत घ्यावं लागतं, काय वर्गणीत येतं, जुन्या एक्सपान्शनमधलं काय अजून खेळता येतं आणि काय कायमचं गेलं. तारे द्यायचे असतील तर ज्याने ते एक्सपान्शन पहिल्या दिवसापासून शेवटच्या पॅचपर्यंत खेळलं आहे त्याच्याकडून घ्या. अशी माणसं फुकट बोलतात, थांबवणं अवघड जातं.

एका महिन्यात लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन असा हिशेब करू नये.

कळावे,

आपली ग्राहक
(ठाणे)

सोबत : पावती, कोड वापरल्यानंतरच्या खात्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, तुलना-तक्त्याचा स्क्रीनशॉट (चुकांवर लाल खुणा केल्या आहेत), चॅटमधील संभाषण.